पिकअप गेलं म्हणून लगेच नोझल बदलू नका

माजलगावकडच्या एका दादांचा प्रश्न आहे. तो थोडक्यात असा : ‘गाडी २०१५ ची, १.३ लिटर टर्बो डिझेल, १ लाख ४२ हजार किलोमीटर चाललेली. आईला दर महिन्याला अंबाजोगाईला दवाखान्यात न्यावं लागतं. आधी धारूरचा घाट चार माणसं बसवून तिसऱ्या गिअरवर चढायची. जानेवारीत एक दिवस घाटाच्या मध्यात फस्सकन आवाज आला. तेव्हापासून दुसऱ्या गिअरलाही रडते, मागं काळा धूर सोडते. ॲव्हरेज २० वरून १४ वर आलंय. सकाळी मात्र एका सेल्फला चालू होते, ऑइल कमी होत नाही. चेक लाइट कधी लागते, कधी विझते. एक गॅरेजवाले म्हणतात चारही नोझल गेलेत, साठ हजार लागतील. दुसरे म्हणतात इंजिन खोलावं लागेल. मागच्या मे महिन्यात गाडी गरम होत होती म्हणून एकानं थर्मोस्टॅट काढून टाकलाय. काय करू?’

दादा, दोघांनाही आधी थांबवा. मी बीडला सव्वीस वर्षं हेच काम करतोय. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत इंजिन खोलण्यासारखं मला काहीच दिसत नाही, आणि नोझलवर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरवर, संशय घ्यायची वेळ अजून आलेली नाही. गाडी न बघता शंभर टक्के कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. पण आधी काय तपासायचं आणि नंतर काय, हा क्रम पक्का सांगता येतो. तो चुकला की पैसा जातो आणि गाडी जशीच्या तशी राहते.

तुमच्या प्रश्नातच बरंच निदान आहे. सकाळी एका सेल्फला चालू होते, हे सगळ्यात मोलाचं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टननं दाबलेली हवा तापते आणि त्या तापावर डिझेल पेट घेतं. रिंगा झिजल्या असत्या किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसते, तर जानेवारीच्या थंडीत सेल्फ लांबवर मारावा लागला असता. चालू झाल्यावर पांढरा धूर आला असता, गाडी दोन मिनिटं थरथरली असती. शिवाय तुमची गाडी कॉमन रेलची, म्हणजे पंपानं दाबलेलं डिझेल एका सामाईक नळीतून (रेलमधून) चारही इंजेक्टरला मिळतं. अशा गाडीत सेल्फ मारताना रेलमध्ये साधारण २०० बार दाब तयार झाल्याशिवाय ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडत नाही. नोझल आतून जास्त रिटर्न मारत, म्हणजे डिझेल परत टाकीकडं सोडत असतील तर तो दाब तयार व्हायलाच वेळ लागतो. तेव्हा एका सेल्फला उठणारी गाडी म्हणजे कॉम्प्रेशन (पिस्टननं हवा दाबणं) ठीक, पंप ठीक आणि नोझलही बऱ्यापैकी ठीक. ऑइल कमी होत नाही, म्हणून रिंगांवरचा संशय आणखी उतरला.

आणि तुम्ही लिहिलंय की हे एकदम झालं. नोझल चपलेच्या टाचेसारखे झिजतात, महिनोन्‌महिने. घाटात भर लोडवर असताना फस्सकन आवाज होऊन दम सुटला, तर काहीतरी फाटलंय किंवा जागेवरून निसटलंय. लोडवरच येणारा काळा धूरही तेच सांगतो : डिझेल आहे, हवा कमी पडतेय.

बॉनेट उघडायच्या आधी मात्र मी दोन गोष्टी बघतोच, कारण त्या इंजिनाच्या नावावर खपून जातात. एक म्हणजे ब्रेक धरून राहणं. दहा किलोमीटर चालवून आल्यावर चारही रिमजवळ हात न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा चटका देत असेल तर ते जॅकवर उचलून हातानं फिरवून बघा. दुसरा क्लच. सपाट, मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला ४० च्या वेगानं चालताना पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएमचा काटा पळतोय आणि वेगाचा काटा जागेवरच असेल, तर क्लच घसरतोय. तुमच्या गाडीत काळा धूर असल्यामुळं मूळ दुखणं इथं नसेल. पण २० चं १४ झालेलं ॲव्हरेज अनेकदा एका कारणानं होत नाही, दोन-तीन कारणं मिळून होतं.

आता हवेकडं येऊ, कारण तुमचं उत्तर बहुतेक इथंच आहे. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला सुमारे १२ किलो हवा लागते. आपल्याकडच्या उंचीवर आणि उन्हात ती भरते साधारण ११ हजार लिटर. उन्हाळ्यात गावात येणारा १२ हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. एका लिटर डिझेलमागं तेवढी हवा, आणि ही नुसती जळण्यापुरती. प्रत्यक्षात डिझेल इंजिन याहून जास्तच ओढतं. एवढी हवा ओढून, दाबून, थंड करून सिलिंडरपर्यंत न्यायची वाट म्हणजे फिल्टर, सक्शन पाइप, हवा दाबणारा टर्बो, ती थंड करणारा इंटरकूलर आणि त्यांना जोडणाऱ्या रबरी नळ्या. ही वाट कुठंही आवळली किंवा फुटली की पिकअप जातं.

या वाटेवर मोजमापाची दोन ठिकाणं असतात. फिल्टरच्या लगेच पुढं एअर फ्लो सेन्सर, तो आत शिरणारी हवा मोजतो. आणि अगदी शेवटी, मॅनिफोल्डजवळ मॅप सेन्सर, तो तिथं पोचलेला दाब मोजतो. टर्बोनंतरची नळी फाटली की काय होतं ते कापसाच्या गाडीवरून समजेल. बाजार समितीच्या काट्यावर वजन झालं, पावतीवर वीस क्विंटल लागले, पुढं रस्त्यात पोती फाटून पाच क्विंटल सांडला. जिनिंगवाला मात्र पावती बघून वीस क्विंटलची तयारी करून बसलाय. ईसीयूचं तसंच होतं. फिल्टरपाशी मोजलेल्या हवेच्या हिशेबानं तो डिझेल सोडतो, पण त्यातली बरीच हवा वाटेत बाहेर पडलेली असते. उरलेल्या डिझेलची काजळी होते आणि तोच तुमचा काळा धूर.

हे ताडून बघायला ईसीयूला जोडायचा साधा स्कॅनर पुरतो, पण त्याचा लाइव्ह डेटा, म्हणजे चालू गाडीचे आकडे, वाचता आले पाहिजेत. बहुतेक ठिकाणी नुसता बिघाडाचा कोड वाचतात आणि पुसतात. तुमच्या गाडीत पी ०२९९ सापडण्याची शक्यता मला जास्त वाटते; त्याचा अर्थ टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. पी ०१०१ एअर फ्लोबद्दल, पी ०४०१ ईजीआरबद्दल (एक्झॉस्टचा धूर परत आत सोडणारा व्हॉल्व्ह) आणि पी ००८७ रेलमधला डिझेलचा दाब कमी असल्याबद्दल. कोड हा तक्रारअर्ज आहे, पंचनामा आपण करायचा. पी ०२९९ आला म्हणून टर्बो बदलणारे मी बघितलेत. तो कोड टर्बो खराब आहे असं म्हणतच नाही, दाब पोचत नाही एवढंच म्हणतो.

आकडे असे बघा. चावी ऑन, इंजिन बंद : मॅप सेन्सरवर त्या जागेचा हवेचा दाब दिसायला हवा. पुस्तकात १०१३ मिलिबार असतं, ते समुद्रकाठचं. बीड, संभाजीनगर ५०० ते ५७० मीटर उंचीवर आहेत, इथं ९५० च्या आसपास येतं. नांदेड, परभणी सखल, तिथं ९७०. याच्या जवळपास आकडा नसेल तर सेन्सरच चुकतोय, पुढचं मोजण्यात अर्थ नाही. मग गाडी गरम करून आयडलवर (ॲक्सिलरेटर न देता), ईजीआर बंद असताना एअर फ्लो बघा. तुमच्या इंजिनाचा एक सिलिंडर ३१२ सीसीचा. आपल्याकडच्या हवेत तो पूर्ण भरला तर ३३५ मिलिग्रॅम हवा मावते, पण तो कधीच काठोकाठ भरत नाही. म्हणून दर स्ट्रोकला २८० ते ३०० मिलिग्रॅम दिसलं तर ठीक समजा. मग रस्त्यावर : तिसऱ्या गिअरला २००० आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर, ३००० पर्यंत. मॅपचा दाब २००० मिलिबारच्या आसपास चढायला हवा आणि एअर फ्लो ५५० च्या पुढं. नेमका आकडा मॉडेलप्रमाणं थोडा वेगळा असतो. म्हणून स्कॅनरवर ‘अपेक्षित’ आणि ‘प्रत्यक्ष’ अशा दोन ओळी असतील त्या शेजारी लावून बघा. चालवणारा वेगळा आणि स्क्रीन बघणारा वेगळा, हे विसरू नका.

आता या दोन आकड्यांची सांगड घाला. एअर फ्लो चांगला, पण मॅपचा दाब १३००-१४०० वर अडकलाय आणि मागं काळा धूर, तर टर्बोनंतर हवा बाहेर पडतेय. दोन्ही आकडे कमी असतील तर हवा आतच येत नाही : फिल्टर चोक, सक्शन पाइप आवळलेला, टर्बो फिरत नाही, किंवा पुढं सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोक होऊन हवा तुंबलीये. तेव्हा ईसीयू डिझेलही कमी सोडतो, म्हणून धूर फारसा येत नाही, गाडी नुसती मेल्यासारखी चालते. तुमच्याकडं धूर आहे, म्हणून मी पहिल्या बाजूनं आहे.

फाट शोधायची कशी, तेही सांगतो. टर्बोपासून इंटरकूलरला आणि इंटरकूलरपासून मॅनिफोल्डला जाणाऱ्या रबरी नळ्या असतात. इंजिन थंड असताना, बंद असताना त्यांच्या खालच्या बाजूनं बोटं फिरवा. वरून नळी नवीसारखी दिसते, दुखणं पोटाकडं असतं, जिथं ती बॅटरीच्या ट्रेला किंवा एखाद्या ब्रॅकेटला घासते, किंवा क्लिपच्या कडेला. टर्बोमागं थोडं ऑइलचं बाष्प कायम असतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण फाट असेल तिथं ते बाष्प बाहेर येतं आणि त्यावर आपली काळी धूळ बसते. बोटाला असा चिकट, ओला चिखल लागला की तिथंच थांबा. नळी दोन्ही हातांनी पिळा. मिटलेली चीर तोंड उघडते, आतले पांढरे धागे दिसतात. आयडलवर ती मिटलेलीच असते म्हणून गॅरेजमध्ये गाडी उभी करून कितीही रेस दिली तरी काही कळत नाही. घाटात बाहेरच्यापेक्षा एक बार जास्त दाब आला की उघडते. तुमचा फस्स तोच असावा. क्लिप ढिली होऊन नळी अर्धी निसटली असेल तरी आवाज असाच येतो, म्हणून क्लिपाही बघा.

हाताला सापडलं नाही तर दाब देऊन बघतात. मी टर्बोच्या तोंडाशी बसेल असा बूच बनवून घेतलाय, त्याला हवेचा वॉल्व्ह बसवलाय. ब्रीदरचा पाइप (इंजिनाच्या ऑइल चेंबरमधला गॅस बाहेर काढणारा) आधी बंद करतो, नाहीतर हवा चेंबरमध्ये जाऊन ऑइल सील ढकलते. मग अर्धा बार, फार तर पाऊण बार हवा सोडून सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारायचं. फुगे येतील तिथं दुखणं. इंटरकूलरचा प्लास्टिकचा टँक फुटलेला असेल तर तोही यातच सापडतो. फाटकी नळी चिकटपट्टी किंवा सीलंट लावून टिकत नाही, गरम ऑइल सगळं सोडवतं. सायकलची ट्यूब गच्च गुंडाळून घरापर्यंत येता येतं, तेवढंच. नवी नळी घ्या आणि क्लिपही नवीच टाका.

या क्रमावर मी इतका अडून का बसतो, त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी गेवराईकडची एक गाडी आली, हीच तक्रार. मी स्कॅनर लावला, दाब कमी दिसला, टर्बो गेला म्हणून सांगितलं. त्या गृहस्थांनी कापूस विकल्याची पट्टी आली त्यातून पैसे दिले. नवा टर्बो बसवला, गाडी तशीच. तिसऱ्या दिवशी सापडलं : फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या सक्शन पाइपचं आतलं अस्तर सुटलं होतं. बाहेरून पाइप धड, आयडलवर धड, आणि रेस दिली की आतलं अस्तर ओढलं जाऊन वाट बंद. एअर फ्लोचा आकडा तेव्हाच बघितला असता तर तो कमी दिसला असता आणि मी टर्बोच्या पुढं न जाता मागं गेलो असतो. मजुरी लगेच परत केली, टर्बोचे पैसे चार महिन्यांत फेडले. त्या माणसाचा चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून आकडे वहीत लिहिल्याशिवाय मी पाना हातात घेत नाही.

एअर फिल्टर तुम्ही बघितलाच असेल, तरी पुन्हा बघा. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॉल्यांच्या मागं कच्च्या रस्त्यानं गाडी चालते, तिथं पुस्तकातलं अंतर उपयोगाचं नाही. त्याच्या निम्म्यावर बदला. पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरची हवा मारून तोच फिल्टर वर्षानुवर्षं वापरतात, ते मात्र बंद करा. जोराच्या हवेनं कागदाला बारीक भोकं पडतात, आणि मग बारीक धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. आज जे इंजिन चांगलं आहे ते अशानंच खोलायला येतं. फिल्टरच्या डब्यात स्वच्छ बाजूनं बोट फिरवून बघा. तिथं धूळ लागली तर झाकण नीट बसत नाहीये.

नळ्या ठीक निघाल्या तर ईजीआर. एक्झॉस्टचा थोडा धूर परत आत सोडणारा हा व्हॉल्व्ह काजळीनं उघडा अडकला की ताज्या हवेची जागा धूर घेतो, आणि खालच्या आरपीएमला काळा धूर येतो. आयडलवर स्कॅनरनं तो उघडा-बंद करून बघा, एअर फ्लोचा आकडा लक्षात येण्याइतका वरखाली झाला पाहिजे. होत नसेल तर काढून साफ करायचा. पत्रा लावून ईजीआर कायमचा बंद करा, असा सल्ला सर्रास मिळतो. मी तो देत नाही. तो प्रदूषण कमी करायचा भाग आहे. शिवाय त्यानं चेक लाइट कायम जळत राहिली की पुढचं खरं दुखणं आलेलं कळतच नाही. व्हॅक्यूमच्या बारीक नळ्याही बघा. गाडी कडब्याच्या गंजीशेजारी लागत असेल तर उंदीर त्या कुरतडतात आणि वायरिंगही सोडत नाहीत.

आता नोझल. हे सगळं ठीक निघालं, तरच इकडं या. पहिल्यांदा डिझेल फिल्टर : खालचा स्क्रू सैल करून पाणी काढा, आणि डिझेल कधी ड्रममधून, कॅनमधून भरलं असेल तर फिल्टर सरळ बदला. मग स्कॅनरवर रेलचा दाब, अपेक्षित आणि प्रत्यक्ष. पूर्ण लोडवर दोन्ही सोबत चढत असतील तर पंप आणि नोझलवर खापर फोडता येत नाही. मागं पडत असेल तर रिटर्न टेस्ट. चारही इंजेक्टरच्या रिटर्नच्या बारीक नळ्या सोडवून, तिथं पारदर्शक नळ्या लावून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या. गाडी तीन मिनिटं आयडलवर, मग मिनिटभर २५०० वर. बाटल्या ओळीनं ठेवा आणि पातळी बघा. चारही जवळपास सारख्या तर ठीक. एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली, तर तो एक इंजेक्टर आतून गळतोय, आणि तोच एक चांगल्या टेस्ट बेंचवर तपासायचा. चारही बदला म्हणणाऱ्यांना विचारा, रिटर्न टेस्ट केली का, बाटल्या दाखवा. नवा इंजेक्टर बसवला तर त्यावर छापलेला कोड ईसीयूमध्ये भरावा लागतो. तो भरला नाही तर नवा इंजेक्टरही खडखड करतो आणि धूर मारतो.

इथं एक गोष्ट हात जोडून सांगतो. जुन्या गाड्यांत कोणता सिलिंडर मिसिंग मारतोय (नीट पेटत नाही) ते शोधायला चालू इंजिनावर नोझलचा नट ढिला करायची आमच्या पिढीची सवय होती. तिथं नोझल १५०-२०० बारला उघडायचे. कॉमन रेलमध्ये तोच दाब १६०० बारपर्यंत जातो. त्या दाबाची सुईसारखी धार कातडी भेदून डिझेल आत घालते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि बोट, हात जाण्यापर्यंत पाळी येते. चालू इंजिनावर कुणालाही तो पाइप ढिला करू देऊ नका. असं काही झालंच तर दुखत नाही म्हणून घरी बसू नका, त्याच तासाला दवाखाना गाठा आणि डिझेल दाबानं आत गेलंय हे डॉक्टरांना सांगा.

थर्मोस्टॅटबद्दल. तो काढणाऱ्यानं तुमचं नुकसान केलंय, भले हेतू चांगला असेल. थर्मोस्टॅट पाणी साधारण ८८ अंशांना पोचेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवतो. तो नसला की थंडीच्या दिवसांत हायवेवर इंजिन ६०-६५ अंशांवरच राहतं. ईसीयूला वाटतं गाडी अजून गरमच झाली नाही, तो डिझेल जास्त सोडतो. तुमच्या गेलेल्या ॲव्हरेजचा काही वाटा इथं नक्की आहे. आणि मे महिन्यात गाडी गरम का होत होती, हा मूळ प्रश्न तसाच राहिला. आपल्याकडं त्याचं नेहमीचं उत्तर बोअरचं पाणी. आंघोळीच्या बंबात किंवा हंड्याच्या बुडाला जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या काडीएवढ्या नळ्यांत बसतो. गाडी गरम झाली की लोक शेतातल्या मोटारीचं पाणी भरतात, पुन्हा भरतात, आणि दोन उन्हाळ्यांत रेडिएटर अर्धा बुजतो. रेडिएटर काढून साफ करून घ्या, नवा थर्मोस्टॅट बसवा, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. रेडिएटरचा फॅन योग्य वेळी लागतो का तेही त्याच दिवशी बघा. मे महिन्यात ४३ अंशांतही गाडी ९० च्या आसपास राहील.

इंजिन खोलायची वेळ कधी येते? ऑइल भरायचं झाकण आयडलवर सैल करून उलटं ठेवा. ते थोडं थरथरलं तर चालतं. खालून धूर फेकत झाकण उडालं, तर रिंगांमधून गॅस खाली जातोय. मग ग्लो प्लगच्या (थंडीत सिलिंडर तापवणाऱ्या प्लगच्या) भोकातून डिझेलचा कॉम्प्रेशन गेज लावायचा. चारही सिलिंडर २५ बारच्या पुढं आणि एकमेकांच्या जवळ असतील तर हेडला हात लावू नका. हे मोजमाप कागदावर न देता कुणी इंजिन खोलायचं म्हणत असेल, तर तिथून गाडी उचला.

पेट्रोलवाले विचारतातच, म्हणून दोन ओळी. मिसिंग मारत असेल आणि पी ०३०२ आला असेल, तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर टाका. कोड पी ०३०३ झाला तर कॉइल गेली. कोड तिथंच राहिला तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. एक पैसाही लागत नाही. आणि २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळं लिटरमागं ६-७ टक्के ऊर्जा कमी मिळते हे खरं, पण ॲव्हरेज तिसऱ्या हिश्श्यानं पडलं असेल तर दोष इथेनॉलच्या माथी मारून बसू नका, गाडी तपासा.

दादा, दुरुस्ती होईपर्यंत घाट चढायचाच असेल तर उंच गिअरमध्ये दाबून रेटू नका. दुसऱ्या गिअरवर, २००० च्या वर आरपीएम ठेवून, अर्ध्या ॲक्सिलरेटरनं चढा. काळा धूर ओकत रेटलेली गाडी टर्बो तापवते आणि ईजीआर काजळीनं भरते, मग एका नळीचं काम तीन कामांचं होतं.

नळी बदलली, थर्मोस्टॅट बसला की कोड पुसा आणि धारूरच्या घाटात त्याच जागी जा, आधीसारखी चार माणसं बसवून. शेजारी बसलेल्यानं स्कॅनर धरावा. तिसऱ्या गिअरला मॅपचा आकडा १९०० च्या पुढं गेला आणि आरशात मागचा रस्ता स्वच्छ दिसला, तर काम झालं. पन्नास-साठ किलोमीटर चालवून कोड पुन्हा एकदा वाचा. परत पी ०२९९ आला, तर दोन्ही आकडे, आरपीएम आणि गिअर लिहून पाठवा. पुढचं त्यावरून सांगतो.